टीएफटीपीने फाइल पाठवताना: राउटर, स्विच आणि एक लॅपटॉप

राउटरचा पॉवरचा दिवा लुकलुकतोय, वाय-फाय दिसत नाही, ब्राउझरमध्ये सेटिंगचं पान उघडत नाही. फर्मवेअर (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) अर्धवट चढल्याची ही नेहमीची लक्षणं. असा राउटर टाकून देण्याआधी टीएफटीपी (ट्रिव्हियल फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची अगदी साधी पद्धत) वापरून बघायला हवं. ऑफिसातल्या स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायला, नवं फर्मवेअर चढवायला किंवा नेटवर्कवरून संगणक बूट करायलाही हाच प्रोटोकॉल लागतो. पण तो काही विचारत नाही आणि बिघडलं तर फारसं सांगतही नाही. म्हणून खरं काम आहे ते आज्ञा देण्याआधीच्या तयारीचं.

टीएफटीपीची व्याख्या १९८१ साली आरएफसी ७८३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज) झाली आणि १९९२ च्या आरएफसी १३५० नुसार तो आजही चालतो. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, फोल्डरमधल्या फाइलींची यादी मिळत नाही, काही डिलीट करता येत नाही. फाइल घ्या किंवा फाइल द्या, एवढंच. त्याचा कोड इतका छोटा असतो की राउटरच्या बूटलोडरमध्ये (चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) सहज मावतो, आणि मुख्य सॉफ्टवेअर मेलं तरी हा भाग जिवंत राहतो.

आत काय चालतं

मागणी करणारा तो क्लायंट, तिला उत्तर देणारा तो सर्व्हर. क्लायंट सर्व्हरच्या यूडीपी पोर्ट ६९ वर (पोर्ट म्हणजे त्या यंत्रावरचं क्रमांक दिलेलं दार) मागणी पाठवतो. सर्व्हर ५१२ बाइटचा एक तुकडा देतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. पोच आली की पुढचा तुकडा. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली असं धरलं जातं. एका वेळी एकच तुकडा वाटेत असतो, त्यामुळे वेग इंटरनेटच्या प्लॅनवर ठरत नाही. जाण्यायेण्याला किती वेळ लागतो त्यावर ठरतो. १६ एमबीच्या फाइलचे ३२,७६८ तुकडे होतात. एकाच खोलीत, १ मिलिसेकंदाच्या फेरीने, ते साधारण ३३ सेकंदांत जातात. तीच फाइल अंधेरीच्या ऑफिसातून दुसऱ्या शहरातल्या शाखेला ३० मिलिसेकंदांच्या लिंकवरून पाठवली तर सोळा मिनिटांच्या वर लागतात, तेही एकही तुकडा हरवला नाही तर. हरवला, तर टाइमआउट होईपर्यंत सगळं थांबतं, आणि हा टाइमआउट बहुधा काही सेकंदांचा असतो. इमारतीच्या डक्टमधून गेलेली, दमट हवेने पिना काळ्या पडलेली केबल ब्राउझिंगला चालून जाते. टीएफटीपीला मात्र ती रडवते.

तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणजे मोजणी ६५,५३५ च्या पुढे जात नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीत साधारण ३२ एमबीच्या पुढची फाइल मधेच अडकते. उपाय म्हणजे तुकड्याचा आकार वाढवणारा ब्लॉकसाइझ हा पर्याय, पण तो दोन्ही बाजूंना कळायला हवा. साध्या इथरनेटवर १४६८ हा आकडा बरोबर बसतो: १५०० बाइटच्या पॅकेटमधून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे ४ वजा.

सामान

दोन चांगले कॅट-५ई किंवा कॅट-६ पॅच कॉर्ड, पाच पोर्टचा साधा अनमॅनेज्ड (सेटिंग न लागणारा) स्विच, आणि लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी-टू-इथरनेट अडॅप्टर. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेलात तर हे सगळं एकाच दुकानात मिळतं. फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. केबल तयार, मोल्डेड घ्या. जागेवर क्रिम्प करून दिलेली केबल या कामाला नको.

स्विच कशाला, केबल थेट लॅपटॉपला का लावू नये, असं बरेच जण विचारतात. राउटर चालू होताना त्याचं पोर्ट बंद-चालू होतं. थेट जोडलेल्या लॅपटॉपला आपली लिंक गेली असं वाटतं आणि ती परत उभी करायला विंडोज काही सेकंद घेतं. बूटलोडर मात्र टीएफटीपीसाठी दोन-चार सेकंदच थांबतो. मधे स्विच असला की लॅपटॉपची लिंक कायम राहते. हा एवढासा डबा नसल्यामुळेच कितीतरी प्रयत्न वाया जातात.

पावसाळ्यात राउटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर ठेवा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या.

लॅपटॉपची तयारी

आधी वाय-फाय बंद करा. घरच्या राउटरचा पत्ताही अनेकदा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, वाय-फाय चालू राहिलं तर तुमची पॅकेट्स मेलेल्या राउटरकडे न जाता चालू राउटरकडे जातात आणि तुम्ही तासभर चुकीचं दार ठोठावत बसता.

मग लॅन पोर्टला स्थिर आयपी द्या. कोणता, ते राउटरवर अवलंबून असतं. इथे दोन प्रकार नीट ओळखायला हवेत. काही राउटरमध्ये बूटलोडर सर्व्हर असतो आणि तुम्ही त्याला फाइल द्यायची. काहींमध्ये उलट: राउटर क्लायंट होऊन लॅपटॉपकडे फाइल मागतो. उदाहरणार्थ, टीपी-लिंकच्या आर्चर सी-७ मध्ये राउटर स्वतः १९२.१६८.०.८६ हा पत्ता घेतो आणि १९२.१६८.०.६६ वरच्या सर्व्हरकडे एका ठरावीक नावाची फाइल मागतो. लॅपटॉप ६५ वर असेल तर काहीही घडणार नाही. मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा.

गेटवे नसला की विंडोज या जोडणीला अनोळखी नेटवर्क समजून पब्लिक प्रोफाइल लावतं आणि फायरवॉल कडक होते. नुसता पोर्ट ६९ उघडूनही भागत नाही, कारण पहिल्या मागणीनंतर सर्व्हर उत्तर नव्याच पोर्टवरून देतो. म्हणून परवानगी पोर्टला न देता प्रोग्रामला द्या, प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्हीवर टिक करून.

राउटर फाइल मागतो तेव्हा

टीएफटीपीडी६४ हा विंडोजसाठीचा मोफत सर्व्हर पुरेसा आहे. करंट डिरेक्टरीत फर्मवेअरचं फोल्डर निवडा, सर्व्हर इंटरफेसमध्ये तुम्ही दिलेला स्थिर आयपी. फाइलचं नाव राउटरला हवं तसंच, लहान-मोठ्या अक्षरांसकट. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, जसं बिन) लपवतं, त्यामुळे नाव बदलताना शेवटी बिन दोनदा लागतं आणि ते दिसतही नाही. व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि मगच नाव बदला.

आता राउटर बंद करा, रिसेट दाबून धरा, पॉवर द्या, आठ-दहा सेकंद धरून ठेवा. नजर सर्व्हरच्या लॉगवर ठेवा. निदान इथेच होतं. मागणीची ओळ उमटलीच नाही, तर दोष आयपी, केबल किंवा फायरवॉलचा. ओळ उमटली आणि फाइल सापडली नाही असं आलं, तर नाव चुकलंय. सुरू होऊन मधेच थांबलं, तर केबल किंवा फाइलचा आकार तपासा.

राउटरला फाइल द्यायची तेव्हा

विंडोजमध्ये टीएफटीपी क्लायंट मुळात बंद असतो. कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, विंडोज फीचर्स चालू-बंद करणं, तिथे टीएफटीपी क्लायंटवर टिक. आज्ञेचा क्रम असा: टीएफटीपी, डॅश आय, राउटरचा आयपी, पुट, फाइलचं नाव. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे.) डॅश आय विसरू नका. तो नसेल तर फाइल टेक्स्ट समजून पाठवली जाते, ओळींच्या शेवटच्या खुणा बदलतात आणि फर्मवेअर खराब होतं. लिनक्सच्या क्लायंटमध्ये हेच काम बायनरी ही आज्ञा करते; पुट किंवा गेटच्या आधी ती द्या.

दुसऱ्या विंडोत पिंग डॅश टी, म्हणजे राउटर उत्तर देतोय का ते सतत बघणारी आज्ञा, लावून ठेवा. ब्रॉडकॉमच्या चिपवर चालणाऱ्या बऱ्याच राउटरमध्ये बूटलोडर उत्तर देत असताना पिंगच्या ओळीत टीटीएल हा आकडा १०० दिसतो, आणि पूर्ण सिस्टिम चालू असताना ६४. १०० दिसलं की त्याच क्षणी एंटर दाबा. म्हणून आज्ञा आधीच टाइप करून तयार ठेवायची.

फाइल गेली असा संदेश आला तरी काम झालेलं नसतं. फाइल आता फक्त राउटरच्या रॅममध्ये आहे. फ्लॅशवर लिहिणं त्यानंतर सुरू होतं. पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. दिवे विचित्र वागले तरी नाही. याच वेळी पॉवर काढल्याने राउटर कायमचे जातात.

स्विचचा बॅकअप

सिस्कोच्या स्विचवर कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी ही आज्ञा द्या. सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव तो स्वतः विचारतो. सर्व्हर म्हणून लिनक्सवर टीएफटीपीडी-एचपीए हा प्रोग्राम असेल तर तो नवी फाइल बनवायला नकार देतो. एकतर त्या नावाची रिकामी फाइल आधी बनवून तिला सर्वांसाठी लिहिण्याची परवानगी द्या, नाहीतर सेटिंगमध्ये क्रिएट हा पर्याय जोडा. एरर कोड १ म्हणजे फाइल नाही, २ म्हणजे परवानगी नाही, ३ म्हणजे डिस्क भरली.

या फाइलमध्ये पासवर्ड असतात आणि टीएफटीपी काहीही एन्क्रिप्ट करत नाही. सिस्कोचे टाइप ७ पासवर्ड तर क्षणात उलगडता येतात. म्हणून हे काम इंटरनेटवरून किंवा पाहुण्यांच्या वाय-फायवर कधीही करू नका. दूरच्या शाखेसाठी एससीपी किंवा एसएफटीपी या एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धती वापरा.

फर्मवेअर डाउनलोड केल्यावर, पाठवण्याआधी, त्याचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेली ठशासारखी खूण) कंपनीच्या साइटवर दिला असेल तर जुळवून बघा: विंडोजमध्ये सर्टयूटिल डॅश हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६; लिनक्समध्ये एसएचए२५६सम. टीएफटीपी स्वतः पूर्ण फाइलची अशी तपासणी करत नाही.

सगळं चाललं की सर्व्हर बंद करा, फायरवॉलमधली परवानगी काढा आणि लॅनचा आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर न्या. हे शेवटचं राहून गेलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात लॅपटॉपला नेट मिळत नाही आणि सगळा दोष दुरुस्त झालेल्या राउटरवर जातो.