झोपाळा, वेताची खुर्ची, पैठणीची उशी: नव्या घरातल्या बैठकीत या चुका टाळा

सागवानी झोपाळा, पितळी कड्या, वर फिकट रंगाची लिननची गादी आणि शेजारी वेताच्या दोन खुर्च्या. फ्लॅटमध्ये अशी बैठक मांडलेली पाहिली की मला फार बरं वाटतं. पण चांगले पैसे मोजून आणलेल्या याच वस्तू वर्षभरात कोपऱ्यात सरकलेल्याही मी पाहिल्या आहेत. दिसण्याचा विचार पुरेपूर झालेला असतो, बसण्याचा राहून जातो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक छतात होते. वाड्यात झोपाळा तुळईला टांगलेला असायचा. फ्लॅटमध्ये वर स्लॅब आणि त्याखाली बहुधा फॉल्स सीलिंग. सुतार भोक पाडून साधा फास्टनर ठोकतो आणि मोकळा होतो. आता हिशेब करा. 5 बाय 2 फुटांची दीड इंची सागवानी फळी एकटीच 23-24 किलो भरते. वर तिघं बसली की 200 किलो सहज ओलांडले, शिवाय प्रत्येक झोक्याला हूकला हिसका बसतो तो वेगळाच. बांधकाम चालू असेल तर स्लॅब भरण्याआधी हूक सळयांना बांधून घ्या. घर तयार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. तो नको म्हणाला तर स्टँडवरचा झोपाळा घ्या, हट्ट करू नका.

कड्या घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. कडीला चिकटलं तर आत लोखंड आहे. ते चालतं, पण पितळेचा भाव देऊ नका आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर अशा कड्या टाळाच. करकर सुरू झाली की नुसतं तेल सोडून थांबू नका, हूकचा बाक झिजलाय का तेही बघा.

उंचीची चूक आमच्याच घरी झाली. फळी जमिनीपासून 17 इंचांवर मापून लावली आणि नंतर हौसेने 4 इंची गादी टाकली. आजी बसली आणि तिचे पाय लोंबकळले. पायाने जमिनीला रेटा देता येईना, म्हणजे झोकाच घेता येईना. ती दोन दिवस बसली आणि परत आपल्या खुर्चीकडे गेली. मग कड्यांमध्ये एकेक दुवा वाढवून फळी खाली घेतली. तेव्हा माप गादीसकट घ्या, तेही घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाला बसवून.

वेताच्या खुर्च्यांत सध्या मागणी आहे ती चंदीगड खुर्चीच्या नकलांना. स्विस वास्तुविशारद पिएर जानरे यांनी 1950 च्या दशकात चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी घडवलेलं, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पायांचं हे सागवानी फर्निचर. नक्कल घेताना खुर्ची उलटी करून बघा. चौकटीला ओळीने भोकं असतील तर विणकाम हाताचं. पुढे वेत तुटला तर कारागीर तो त्याच भोकांतून पुन्हा विणतो. खाच असेल तर तयार जाळी बसवलेली आहे, ती पूर्ण बदलावी लागते. वेत नुसता सैल पडला असेल तर लगेच बदलायला धावू नका. खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूने कोमट पाण्यात बुडवून पिळलेला फडका फिरवा आणि रात्रभर कुणालाही बसू देऊ नका. खरा वेत सुकताना आवळतो. प्लॅस्टिकची जाळी असेल तर हा उपाय लागू पडत नाही. एसीच्या झोताखाली वेत कोरडा पडून तडकतो, म्हणून खुर्चीची जागा विचार करून ठरवा. आणि बल्ब बदलायला तिच्यावर उभं राहू नका. सगळं वजन एका टाचेवर आलं की पट्ट्या तुटतात.

राहिलं कापड. पैठणीचं कापड बसण्याच्या जागी लावू नका. जीन्सची बटणं, मुलांची नखं जरीत अडकतात, घामाने ती काळवंडते. पाठीच्या उशीला किंवा लोडाला लावा, तेही थेट ऊन लागत नसेल तर. आजीच्या जुन्या पैठणीचं काही करायचं असेल तर आधी घडीवर बोट फिरवून बघा. रेशीम तिथेच विरलेलं असतं. मागे सुती अस्तर लावल्याशिवाय ताणून स्टेपल मारले तर ती त्या रेघेवर फाटते.