पाटीआधी पिठात अक्षर

४ वर्षांच्या लेकराच्या हातात एकदम पाटी-पेन्सिल दिली की बोटं अवघडतात, अन् ते पाटीच ढकलून देतं. आमच्या परभणीकडं यावर भाकरीच्या वेळेलाच उपाय होतो.

१. भाकरी थापायला बसण्याआधी ताटात मूठभर ज्वारीचं पीठ पातळ पसरा.

२. ‘ग म भ न’ नंतर. आधी लेकराच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर घ्या, त्याची ओढ त्याला जास्त असते. नाव मनीषा असेल तर ‘म’. अक्षर काढायच्या आधी आवाज ऐकवा: मका, मडकं, मटकी. घरात, रानात ‘म’नं सुरू होणारं अजून काय सापडतं ते तिलाच शोधू द्या. इथं अजिबात घाई नको. दोन दिवस नुसतं हेच चाललं तरी चालू द्या.

३. मग तुम्ही बोटानं अक्षर काढा, तिला त्यावरून बोट फिरवू द्या. चुकलं तर ताट हलवा, पुन्हा कोरं.

पीठ नंतर गाईच्या आंबोणात जातं. अंगणवाडीत चाळलेली बारीक रेतीही चालते.

जपा: पिठाऐवजी ज्वारीचे किंवा तुरीचे दाणे देऊ नका, लहान लेकरं ते नाकात घालतात.