ट्रकचा क्रँक सेन्सर बदलताय? आधी या चुका टाळा

स्कॅनरवर पी ०३३५ हा दोष-कोड दिसला की लगेच नवा क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँकशाफ्टची गती आणि स्थिती कळवणारा सेन्सर, मागवला जातो. पहिली चूक तीच. हा कोड फक्त सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सरबरोबर वायर, कनेक्टर आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) हेही आले. काही मोठ्या ट्रकवर हाच दोष एसपीएन ६३६ म्हणून येतो; एसपीएन म्हणजे दोष कुठल्या भागात आहे ते सांगणारा आकडा. तिथे पुढचा एफएमआय, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणारा आकडा, वाचल्याशिवाय पाना उचलू नका. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ आला तर वायर तुटली असावी किंवा पिन निसटली असावी. २ आला, तर सिग्नल येतो पण भरवशाचा नाही.

कनेक्टर काढून आत बघा. तेल, हिरवट पिन, सैल बसलेली पिन, यातलं काहीतरी बऱ्याचदा सापडतं. दोन पिनांच्या चुंबकीय सेन्सरचा रेझिस्टन्स मीटरवर ओहममध्ये मोजता येतो. हॉल सेन्सरला (याला चालायला बाहेरून सप्लाय लागतो) मात्र मीटरचा ओहम लावून काही कळत नाही. त्याचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा.

अडकलेला सेन्सर पेचकसाने उचकटू नका, टोक आतच तुटून राहतं. डावी-उजवीकडे फिरवत, हळूहळू ओढा. निघाला की टोक बोटाने पुसा. काळी लव चिकटलेली असेल तर तो लोखंडाचा चुरा आहे. तो सिग्नल बिघडवतो, म्हणून आतल्या चक्राचे दातही पाहून घ्या. जुनी ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी सील) भोकातच राहिली, तर नवा सेन्सर वर बसतो आणि चक्रापासूनचा गॅप वाढतो. नव्या रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सेन्सर हातानेच पूर्ण दाबा. बोल्ट आवळून आत ओढायला गेलात, तर सेन्सरचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, मोडलाच समजा.

पी ००१६ आला असेल तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा) आणि क्रँकशाफ्टचा मेळ चुकलाय. एकामागून एक सेन्सर बदलत बसण्यापेक्षा आधी टायमिंग बघा.

कोड पुसण्याआधी सगळे लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमसकट, म्हणजे दोष आला त्या क्षणाच्या नोंदीसकट. बॅटरीचा टर्मिनल काढणं हा कोड पुसायचा मार्ग नव्हे. बऱ्याच ईसीएममध्ये कोड तसेच राहतात. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरनेच पुसा. मग सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. शून्यच दिसत असेल, तर सिग्नल अजून पोचत नाही. काही इंजिनांना नव्या सेन्सरची ओळख स्कॅनरमधून करून द्यावी लागते, ते मॅन्युअलमध्ये पाहा. आणि दोष गरम झाल्यावर येत होता, तर गाडी थंड असतानाच ती मालकाच्या ताब्यात देऊ नका.