पॉलिमर वेव्हगाइड: कोअर जागेवर आणि गोल कसा ठेवायचा

पॉलिमर वेव्हगाइड म्हणजे प्लास्टिकमधली प्रकाश वाहून नेणारी बारीक वाट; तिचा आतला भाग म्हणजे कोअर आणि भोवतालचं आवरण म्हणजे क्लॅडिंग. बेळगावात कोअर म्हटलं की आधी फाउंड्रीतला वाळूचा कोअर डोळ्यांपुढे येतो. तो साच्यात सरकला की कास्टिंगची एक भिंत जाड, दुसरी पातळ. पण त्याला टेकायला कोअर प्रिंट, म्हणजे साच्यातली खाच, तरी असतो. केइओ विद्यापीठात विकसित झालेल्या मॉस्किटो पद्धतीत ओल्या क्लॅडिंग रेझिनमध्ये सुई बुडवून कोअरचं रेझिन सोडत जातात. यूव्ही (अतिनील) प्रकाश पडून रेझिन घट्ट होईपर्यंत हा कोअर द्रवात नुसता तरंगत असतो, म्हणून सगळी काळजी त्याआधी घ्यायची.

व्यास हिशेबाने काढा: छेदाचं क्षेत्रफळ गुणिले सुईचा वेग म्हणजे प्रवाह. ५० मायक्रॉनचा कोअर आणि सेकंदाला २० मिमी वेग, तर मिनिटाला सुमारे २.४ मायक्रोलिटर. तोच प्रवाह ठेवून वेग चौपट केला की व्यास निम्मा होतो. हवेच्या दाबावर चालणारा डिस्पेन्सर असेल तर सुईचं भोक जपा. ते १० टक्के मोठं निघालं की त्याच दाबाला प्रवाह ४६ टक्के वाढतो आणि कोअर २१ टक्के जाड होतो. सुई बदलली की दाब पुन्हा लावायचाच. दाब बसायला वेळ लागतो, म्हणून रांगोळीच्या ओळीसारखा सुरुवातीला ठिपका पडतो. दोन्ही टोकांना ५ मिमी जादा ओढून ते कापून टाका.

उंचीसाठी टेबलावर डायल गेज (बारीक उंचसखलपणा दाखवणारं मापक) फिरवा. ५० मिमी प्रवासात फरक ५ मायक्रॉनच्या आत हवा. अॅल्युमिनियमची फ्रेम, ज्यात क्लॅडिंग ओततात ती, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या टूलरूममधून करून घेता येते. अॅक्रिलेट जातीचं रेझिन क्युअर होताना, म्हणजे घट्ट होताना, आकसतं. चाचणीत जाडी ६ टक्के घटली आणि कोअर तळापासून २५० मायक्रॉनवर हवा असेल, तर सुई २६६ वर ठेवा.

सर्वांत जास्त त्रास शेजारच्या ओळींचा. पुढची ओळ ओढताना सुई क्लॅडिंग बाजूला ढकलते, त्यासोबत आधीचा कोअरही सरकतो. बाहेरून बारीक सुई घ्या, सगळ्या ओळी एकाच दिशेने आणि एका कडेपासून क्रमाने ओढा. मग सरकणं सारखं होतं आणि प्रोग्राममध्ये तेवढा उलटा ऑफसेट देता येतो. नागमोडी, म्हणजे एक ओळ जाताना आणि पुढची येताना, ओढलं तर ऑफसेटचा अंदाजच लागत नाही.

दोन्ही रेझिन एकमेकांत मिसळणारी असल्याने पाण्याच्या थेंबासारखा पृष्ठताण कोअरला गोल करत नाही. कोअरचं रेझिन फार पातळ असेल तर सुईमागे मिटणारं क्लॅडिंग त्याला दाबतं आणि छेद लंबगोल येतो. क्लॅडिंग फार दाट असेल तर सुईची चर वेळेत मिटत नाही, आत हवेची रेघ राहते. एप्रिलच्या दुपारी खोली तापली की दोन्ही पातळ होतात. २५ अंशांना एक अंश इकडेतिकडे एवढंच चालवून घ्या. एपॉक्सी रेझिन वापरत असाल तर पावसाळ्यात डबा सिलिका जेलसोबत बंद ठेवा, दमटपणाने क्युअरिंग मंदावतं.

शेवटची ओळ आणि यूव्ही यांतला वेळ घड्याळ लावून ठरवा. जास्त थांबलात तर कोअर क्लॅडिंगमध्ये विरघळत जातो, अपवर्तनांकातला फरक उरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतही या वेळेचा फरक असतो, म्हणून नमुना कापून पॉलिश केल्यावर दोन्ही टोकांच्या ओळी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. रुंदी आणि उंची वेगवेगळी मोजा आणि पुढच्या चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदला.