समुपदेशकांची अभ्यास-बैठक कशी घ्यावी
बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील समुपदेशकांनी अभ्यास-बैठक भरवताना व्याख्यानाला अर्धा तास पुरेसा मानून उरलेला वेळ प्रकरणांच्या चर्चेसाठी राखावा. प्रकरण मांडताना केवळ रुग्णाचे नाव वगळून भागत नाही. आपल्याकडे गाव, आडनाव आणि साखर कारखान्यातील नोकरी एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून हे तपशीलही बदलावेत, कारण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. ‘जीव घाबरा होतो’ यासारख्या तक्रारी लोक मराठीत आणि कन्नडमध्ये कोणत्या शब्दांत सांगतात, याची वही ठेवावी. माझ्या मते ती प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांना अधूनमधून निमंत्रण द्यावे.