येशूची वंशावळी वाचताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की कळव्यापासून ऐरोलीपर्यंत आमच्या घरोघरच्या प्रार्थनांत बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूच्या पूर्वजांची यादी, निघतो. वाचणारा "अब्राहामाला इसहाक झाला" असं ठसक्यात सुरू करतो, पेरेस-जेरहपाशी अडखळतो, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "अठराव्या वचनापासून घ्या, उशीर होतोय." वाचन नेमून द्यायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हे लिहिते आहे.

ती सतरा वचनं गाळू नका. वाचणाऱ्याला आदल्या रविवारीच सांगा आणि नावं वहीत मोठ्या अक्षरात उतरवून द्या. मत्तयाने यादीचे तीन भाग स्वतःच पाडलेत: अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास (यहूदी लोकांना बाबेलात कैद करून नेलं तो काळ), तिथून ख्रिस्त. तीन जणांत वाटून दिली तर कुणाला धाप लागत नाही, आणि पोरंही ऐकतात.

दुसरी चूक हिशेबाची. प्रत्येक भागात चौदा पिढ्या म्हटल्यात, म्हणून काही जण वर्षांची बेरीज मांडून बसतात. पण योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे मत्तयाने घेतलेलेच नाहीत; बायबलातल्या 1 इतिहास या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ते सापडतात. 'अमक्याला तमका झाला' याचा अर्थ दर वेळी सख्खा मुलगा असा नसतो, वंशज असाही असतो. हिब्रूत अक्षरांना अंकाची किंमत असते आणि दावीद नावाची बेरीज 4, 6 आणि 4 मिळून 14 होते. तो चौदा इथे घुमत असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातली यादी वेगळी आहे. ती येशूपासून उलटी आदामापर्यंत जाते, आणि तिथे मरीयेचा नवरा योसेफ याचा बाप एली आहे, मत्तयात याकोब. कुणी विचारलं की "ती मरीयेची वंशावळ" असं ठोकून देऊ नका. लूक योसेफाचंच नाव घेतो. मरीयेची असावी हा एक खुलासा. भावाच्या विधवेशी लग्न करायच्या रीतीमुळे योसेफाला एक जन्माचा आणि एक कायद्याचा असे दोन बाप लागत होते, हा दुसरा खुलासा; तो तिसऱ्या शतकातल्या युलियस आफ्रिकानसने मांडला. दोन्ही खुलासे म्हणूनच सांगा.

आता बायकांबद्दल. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चौघींना 'पापी स्त्रिया, तरी देवाने स्वीकारल्या' अशा एका ओळीत बसवणारे संदेश मी लहानपणापासून ऐकले. ते वाचन चूक आहे. रूथने काय पाप केलं होतं? ती मवाबी होती, परकी होती, आणि सासूची साथ न सोडता शेतात सरवा वेचत होती. तामारेबद्दल तर खुद्द तिचा सासरा यहूदाच कबूल करतो की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. बथशेबेचं नाव न घेता मत्तय 'उरीयाची बायको' म्हणतो. नवऱ्याला मारवणारा दावीद होता, आणि ज्याला मारलं त्याचं नाव राजाच्याच वंशावळीत राहून गेलं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मात्र 'वंशातला शाप' ही आहे. आमच्या ओळखीतल्या एका आईला एका प्रार्थनेत सांगण्यात आलं की मुलाची दारू हा पूर्वजांचा शाप आहे, त्यांची नावं घेऊन तो तोडायला हवा. ती आठवडाभर सासरच्या मेलेल्या माणसांची नावं आठवत बसली, आणि मुलाला डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलं. मी तिच्यासमोर मत्तयाच्या यादीतलं नववं-दहावं वचन उघडलं आणि बोट ठेवून एकेक नाव सांगितलं. आहाज वाईट राजा, त्याचा मुलगा हिज्कीया चांगला. हिज्कीयाचा मनश्शे वाईट, त्याचा आमोनही तसाच, आणि आमोनाचा योशीया असा, की देवाकडे मनापासून वळला. मग यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचला: मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे नाही?" दोन दिवसांनी आम्ही तिघं व्यसनमुक्ती केंद्रात गेलो.

याच्या उलट 'आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती' असं सांगत नव्याने आलेल्यांना मागच्या सतरंजीवर बसवणंही चूकच. अब्राहाम आमचा बाप आहे असं म्हणू नका, देव या धोंड्यांतूनही त्याच्यासाठी मुलं उभी करील, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शब्द पुढच्या दोनच पानांवर आहेत.

शेवटच्या भागात घाई करू नका. जरुब्बाबेल आणि योसेफ यांच्या मधली नऊ नावं, अबीहूद, एल्याकीम, अज्जुर आणि पुढची, यांच्याविषयी बायबल आणखी काहीच सांगत नाही. ना लढाई, ना चमत्कार. ती राजवाड्यावाचूनची माणसं. मुलं वाढवत, सण पाळत ती जगली असतील आणि देवाने दिलेलं वचन पुरं व्हायची वाट बघत गेली असतील. ठाणे स्टेशनवरून रोज सात-अकराची लोकल पकडणाऱ्या आमच्या मंडळीतल्या माणसांना मी हीच नऊ नावं वाचायला देते.

आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजीने नगरला असताना जन्म आणि बाप्तिस्मे लिहून ठेवलेत. त्यात आईच्या एका काकाचं नाव नव्हतं. तो पिऊन घर सोडून गेला होता. गेल्या नाताळात आईला विचारून मी त्याच्या दोन भावांच्या मधल्या जागेत ते बारीक अक्षरात लिहिलं.