पातळ सोलचे शूज घेतलेत? मग या चुका टाळा

"काय बे, शूज चोरीला गेले का?" सोलापूरच्या कंबर तलावाकडे पहाटे अनवाणी पळताना हे मला अजूनही ऐकावं लागतं. पण अनवाणी पळून माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्याआधी, हौसेनं घेतलेल्या पातळ सोलच्या शूजमध्ये. त्यात शूजपेक्षा माझ्या घाईचाच दोष जास्त.

नेहमीच्या रनिंग शूजची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. मिनिमलिस्ट, म्हणजे पातळ सोलच्या शूजमध्ये हा फरक शून्य किंवा त्याच्या आसपास. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटतं. पण टाच दर पावलाला तेवढी जास्त खाली जाते आणि पोटरी व टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तेवढी जास्त ताणली जाते. एका किलोमीटरला हजार-बाराशे पावलं धरा. मी पहिल्याच दिवशी नेहमीचे सहा किलोमीटर मारले. काय हलकं वाटलं! तिसऱ्या दिवशी घराचा जिना कठड्याला धरून उलटा उतरलो.

शूज बदलले पण अंतर तेच ठेवलं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिले दोन आठवडे हे शूज नुसते चालायला, बाजारहाटाला वापरा. मग एक दिवसाआड, पाय ताजे असताना, सुरुवातीची पाच मिनिटं त्यात पळा आणि उरलेलं अंतर जुन्या शूजमध्ये. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. पोटरी थोडी भरून आली तर चालतं. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे ताठरल्यासारखं वाटलं तर त्या आठवड्यात वाढ नाही, उलट कपात.

फसगत होते ती पुढे. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, टेंडनला आणि हाडांना मात्र महिने लागतात. पोटरी दुखायची थांबली की आपल्याला वाटतं, जमलं. मलाही वाटलं. पाचव्या आठवड्यात डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत दुखायला लागलं. बोट ठेवून दाखवता येईल एवढीच जागा. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून मी पळतच राहिलो. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला दुसऱ्या एक्स-रेच्या वेळी कळलं. मग पळणं दोन महिने बंद. तेव्हा पसरलेलं दुखणं वेगळं आणि एका बिंदूवरचं वेगळं. बिंदूवर दाबल्यावर कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, तर बर्फ लावून रविवारचा लाँग रन उरकू नका. हाडांचे डॉक्टर गाठा.

दुसरी चूक चवड्यांवर पळण्याची. टाच आधी आपटायची नाही याचा अर्थ लोक टाच टेकवायचीच नाही असा घेतात आणि चोरपावलांनी पळत सुटतात. अशानं पोटऱ्या जाणारच. घरातल्या फरशीवर अनवाणी, जागच्या जागी पळून बघा. चवड्याची बाहेरची कड आधी टेकते आणि लगेच टाच अलगद खाली येते. कुणी शिकवावं लागत नाही. तसंच पळत घोट्यातून किंचित पुढं झुका, पाय आपोआप पुढं निघतील. पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे, पुढं लांब जाऊन नाही. रस्त्यावर 'चपाक चपाक' आवाज येत असेल तर पाऊल लांब पडतंय. मिनिटाला उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. ७८ आला तर ८२ करून बघा, वेग तोच ठेवून. दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १८० पावलं हवीतच, हा आकडा डोक्यात घेऊन बसू नका. उंची आणि वेगाप्रमाणे तो बदलतो.

खरं सांगायचं तर शिकायला पातळ शूजपेक्षा पूर्ण अनवाणी बरं. तळव्याची कातडी चुगली करते. पाऊल घासलं की फोड येतो, फार झालं की चुरचुरतं, आपण थांबतो. पातळ शूजमध्ये ही चुगली बंद होते आणि मार मात्र हाडांना बसतच राहतो. गुळगुळीत, कडक रस्ता निवडा. गवत मऊ असतं, पण पाऊल चुकलेलं लपवतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर त्यात सराटे असतात. एप्रिल-मेमध्ये पहाटेच पळा, दुपारचं सोलापूरचं डांबर तळवे भाजून काढतं. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी पळूच नका.

"लहानपणी अनवाणीच हुंदडलो, सिद्धेश्वराच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणाही अनवाणी केली," असं सांगणारे भेटतात. प्रदक्षिणा चालत असते, पळताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. इथिओपियाचा धावपटू आबेबे बिकिला याचा दाखलाही हटकून येतो. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला त्यानं अनवाणी मॅरेथॉन जिंकली हे खरं. पण १९६४ मध्ये टोकियोत त्यानं शूज घातले होते, जिंकलाही, आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी कमी.

आणि हो, नवे शूज आले म्हणून जुने लगेच देऊन टाकू नका. मी ते शेजारच्या पोराला दिले होते. पाय बरा झाल्यावर हळूहळू पळायला पुन्हा जाड सोलचीच जोडी लागली, तीही विकत घेऊन.